आवळा की सुपारी? मलाक्का आणि जॉर्जटाउन पडताळून कशी बघावीत

मलाक्का हे नाव आवळ्याचं. परमेश्वर नावाचा एक परागंदा राजपुत्र १४०० च्या आसपास इथं एका झाडाखाली टेकला होता. तेवढ्यात एका पिसोरीनं, म्हणजे चिमुकल्या हरणानं, त्याच्या शिकारी कुत्र्याला लाथ घालून पाण्यात ढकललं. जिथली पिसोरीसुद्धा एवढी धीट तिथंच राज्य मांडावं असं त्याला वाटलं, आणि बसल्या झाडाचं नाव त्यानं गावाला दिलं, अशी कथा आहे. ते झाड मलाका, म्हणजे आपला आमलक. जॉर्जटाउनला नाव इंग्लंडच्या राजाचं, पण ते ज्या बेटावर आहे ते पेनांग. मलय भाषेत पुलाऊ पिनांग, सुपारीचं बेट.

मलेशियाला जाणाऱ्यांच्या हातात साधारण आठ दिवस असतात. त्यातले दोन-तीन क्वालालंपूर खातं, आणि मग प्रश्न उरतो: आवळा की सुपारी? मी परत आल्यापासून इतक्या जणींनी हे विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकते. बत्तीस वर्षं मी लेखापरीक्षण केलं. दोन हिशेब पडताळायचे तर आधी दोन्हीकडे असलेली बाब शोधायची, हे हाडात मुरलेलं आहे. तरी पहिल्या फेरीत चुकलेच. त्याचं पुढं सांगते.

सोबत माझी नणंद होती. वन्सं एकाहत्तरच्या, पक्क्या शाकाहारी, उजवा गुडघा बदललेला, आणि मत एका वाक्यात देऊन मोकळ्या होणाऱ्या.

आधी वही

साधी दोनशे पानी वही घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे मलाक्का, उजवीकडे जॉर्जटाउन. ओळींमध्ये फक्त तेच लिहायचं जे दोन्ही शहरांत आहे. सगळ्या याद्या इथंच फसतात. मलाक्कात पोर्तुगीज किल्ल्याची वेस आहे, जॉर्जटाउनला डोंगरावर चढणारी १९२३ सालची दोरखंडाची रेल्वे आहे. मग ‘काय चांगलं’ याचं उत्तर काय देणार? ताक आणि चपला यांत कोण जिंकतं? असल्या एकेकट्या गोष्टी वहीच्या शेवटच्या पानावर टाकायच्या. बघायच्या जरूर, गुण द्यायचे नाहीत.

मी सात ओळी आखल्या: शहरात शिरणं, सकाळची गल्ली, देवळांची रांग, एक जुनं घर, पाणी, कबरस्तान आणि पोट. वन्संनी आठवी ओळ स्वतःच्या हातानं लिहिली: गुडघा.

आणखी एक अट. दोन्ही शहरं सारख्या वारी बघा. मी ही अट घातली नव्हती आणि तिथंच माती खाल्ली.

माझी चूक: शनिवार

आम्ही मलाक्काला शुक्रवारी दुपारी पोचलो. जुन्या वस्तीतली मुख्य गल्ली जाँकर स्ट्रीट. शुक्रवार, शनिवार आणि रविवार संध्याकाळी तिथं रात्रबाजार भरतो, वाहनं बंद होतात. मी हे वाचलं होतं आणि ‘वा, रौनक!’ म्हणून मुद्दाम त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर खोली घेतली होती. खोलीच्या भिंतीपलीकडे लाउडस्पीकरवर हौशी गायक रात्री उशिरापर्यंत गात होते. सिंगापूर आणि क्वालालंपूर दोन्ही इथून काही तासांवर, त्यामुळं शनिवारी अख्खं जग तिथं लोटतं. जुन्या लाल डच इमारतींच्या चौकात, म्हणजे लाल चौकात, सायकलरिक्षा. त्यांना कार्टूनचे मुखवटे, रंगीत दिवे, प्रत्येकीवर वेगळं गाणं, सगळ्यांचा आवाज पूर्ण. वन्संनी कानावर पदर घेतला आणि म्हणाल्या, “हे शहर आहे की वरात?”

वहीत त्या रात्री मलाक्काला दहापैकी चार गुण पडले. रविवारी आम्ही निघालो आणि सोमवार ते गुरुवार जॉर्जटाउनला राहिलो. तिथं अर्थातच सगळं प्रसन्न वाटलं. तिकडचे गुण आठ. बसमध्ये परत येताना वही चाळली आणि लक्षात आलं, मी दोन शहरं तोलली नव्हती, शनिवार आणि मंगळवार तोलले होते. असा ताळेबंद कनिष्ठानं आणला असता तर मी तोंडावर परत केला असता.

परतीच्या विमानाला अजून काही दिवस शिल्लक होते. मधल्या दिवसांत क्वालालंपूरचे मनोरे उरकले आणि मंगळवारी पुन्हा मलाक्का गाठलं. खोली नदीपलीकडच्या शांत गल्लीत. त्या एका मुक्कामात शहराचा चेहरा इतका बदलला की जुने गुण खोडून नवे लिहिले. पुढचं सगळं या दुसऱ्या वहीतलं आहे.

थोडा इतिहास, कारण गुण त्यावर अवलंबून आहेत

युनेस्कोनं दोन्ही शहरं ७ जुलै २००८ रोजी एकाच नोंदीत जागतिक वारसा यादीत घेतली, म्हणून लोक त्यांना जुळी समजतात. पण थोरली आणि धाकटी युरोपीयांच्या हाती पडण्यात पावणेतीनशे वर्षांचं अंतर आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. १६४१ मध्ये ते डचांकडे गेलं. १८२४ च्या तहात इंग्रजांनी सुमात्रावरचं बेनकूलन डचांना देऊन मलाक्का कायमचं घेतलं. आपण आवळा देऊन कोहळा काढतो, यांनी सरळ आवळाच काढून घेतला.

पेनांगची गोष्ट १७८६ ची. समोरच्या किनाऱ्यावरच्या केडा राज्याच्या सुलतानाला सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, भीती होती. ईस्ट इंडिया कंपनीनं संरक्षण द्यावं या आशेवर त्यानं कंपनीच्या माणसाला, फ्रान्सिस लाइटला, बेट दिलं. लाइटनं तोंडभरून आश्वासन दिलं, कंपनीनं फौज दिलीच नाही. म्हणजे सुपारी घेतली आणि काम केलं नाही. १७९१ मध्ये सुलतानानं बेट परत घ्यायचा प्रयत्न केला, हरला, आणि वर्षाला सहा हजार स्पॅनिश डॉलरवर गप्प बसला. समोरच्या किनाऱ्याच्या पट्टीला इंग्रजांनी नाव दिलं प्रॉव्हिन्स वेलस्ली, गव्हर्नर जनरलच्या नावावरून. हाच तो वेलस्ली, ज्याच्या कारकिर्दीत १८०२ चा वसईचा तह झाला. पेशव्यांच्या गळ्यात तैनाती फौज बांधली, आणि ज्याला फौज हवी होती त्याला अर्धी पलटणसुद्धा नाही. जॉर्जटाउनच्या किल्ल्याचं नाव कॉर्नवॉलिस. शाळेच्या इतिहासातली अर्धी मंडळी इथं भेटतात.

१८२६ मध्ये पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर एका कारभाराखाली आले. सिंगापूरनं व्यापार ओढला आणि मलाक्का झोपी गेलं. पेनांगला पुढं कथिलाचा आणि रबराचा पैसा मिळाला. एवढं ध्यानात ठेवलं तर दोन्हीकडचा फरक आपोआप कळतो. मलाक्का लहान आणि जुनं, जॉर्जटाउन मोठं आणि श्रीमंत घरांचं. वारसा क्षेत्रच दुपटीहून मोठं आहे.

शिरणं

क्वालालंपूरच्या दक्षिण बसस्थानकावरून, म्हणजे टीबीएसवरून, मलाक्काची बस दोन-अडीच तासांत पोचते. तिकीट पंधरा रिंगिटच्या आसपास. उतरवतात ते मलाक्का सेंट्रलला. तिथून जुनं गाव चार-पाच किलोमीटर लांब. ग्रॅब नावाची टॅक्सी मोबाइलवरून मागवा. गावात रेल्वे नाही. प्रवेश म्हणून या शहराला शून्य. रुक्ष रस्ते, मॉल, आणि अचानक एका वळणावर लाल चौक.

जॉर्जटाउनला विमानानंही जाता येतं, पण जाऊ नका. क्वालालंपूरहून आगगाडीनं बटरवर्थला जा, साधारण चार तास, आणि स्थानकालगतच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्या. पंधरा-वीस मिनिटांत समोर पांढऱ्या जुन्या कचेऱ्या, मनोरा, मागं डोंगर असं शहर हळूहळू मोठं होत जातं. बंदराच्या शहरात पाण्यावरून शिरलं की अर्धं काम होतं. मलाक्काहून थेट बसही आहे, सात तासांच्या आसपास. ती बटरवर्थला सोडणारी घ्या, बेटावर सोडणारी नको, म्हणजे बोट चुकत नाही.

सकाळची गल्ली

सकाळी सात म्हणजे तिथं पहाट. सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो. दोन्हीकडे एकेक गल्ली ठरवून त्याच वेळी चाललो.

मलाक्कात हीरेन स्ट्रीट. डच श्रीमंतांची, नंतर चिनी व्यापाऱ्यांची. आजचं नाव जालान तुन तान चेंग लॉक, पण जुनंच नाव तोंडात आहे. घरं दर्शनी अरुंद आणि आत लांबच लांब, एकामागून एक चौक असलेली. आठ नंबरचं घर वारसा संस्थेनं नीट दुरुस्त करून ठेवलंय. रंगरंगोटी न करता, भिंतीतले थर उघडे ठेवून. बुधवारी सकाळी गल्लीत एक मांजर, एक म्हातारे गृहस्थ आणि आम्ही. दारं बहुतेक बंद. सुंदर, पण बरीच घरं आता हॉटेलं किंवा संग्रहालयं, बाकीची मालकाची वाट बघणारी.

जॉर्जटाउनला आर्मेनियन स्ट्रीट आणि तिच्या आडव्या गल्ल्या. दहानंतर इथं सायकलवरच्या मुलांच्या भित्तिचित्रापुढं फोटोसाठी रांग लागते. हे चित्र २०१२ चं, अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराचं. सायकल खरी, मुलं रंगवलेली. पण सातला? दुकानाच्या पायथ्याशी भूमिदेवतेचं लाल देव्हारं, त्यात नुकत्याच लावलेल्या उदबत्त्या. बनियनमध्ये दात घासणारे आजोबा. कॉफीच्या दुकानात संगमरवरी टेबलांवर वर्तमानपत्रं. दुकानांपुढून जाणारी छपराखालची वाट, काकी लीमा, म्हणजे पाच फूट. पूर्वी सलग चालायला केलेली, आता तिच्यात स्कूटर, कुंड्या, खुर्च्या. प्रत्येक घराची फरशी वेगळ्या उंचीवर. वन्संनी पहिल्या दहा घरांत सात पायऱ्या मोजल्या आणि मग सरळ रस्त्याच्या कडेनं चालल्या. तुम्हीही तसंच करा.

जॉर्जटाउनमध्ये माणसं टिकली याचं एक गमतीदार कारण आहे. १९९९ अखेरपर्यंत जुन्या इमारतींची भाडी कायद्यानं गोठवलेली होती. मालकाला पाडून बांधणं परवडेना, भाडेकरूला सोडवेना. कायदा गेला तसे पुष्कळ भाडेकरूही गेले, पण सगळे नाही. ही ओळ जॉर्जटाउनची, वादच नाही.

देवळांची रांग

दोन्ही शहरांत एकेका रस्त्यावर सगळे धर्म ओळीनं बसलेले आहेत. तुलनेसाठी याहून चांगली बाब मिळणार नाही. दोन्हीकडे संध्याकाळी साडेपाच-सहाला जा.

मलाक्कात जालान तोकोंगच्या आजूबाजूला: सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देऊळ, १७४८ ची काम्पुंग क्लिंग मशीद, आणि १७८१ चं श्री पोय्याता विनायगर मूर्ती मंदिर. म्हणजे चक्क गणपती. देशातलं पूजेत असलेलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ हेच. बांधलं चिट्टींनी. हे सल्तनतीच्या काळापासून इथं वसलेले तमिळ व्यापारी. स्थानिक मुलींशी लग्नं केली, घरात मलय बोलू लागले, देव मात्र सोडला नाही. मशिदीचा मनोरा पॅगोड्यासारखा आणि छप्पर एकावर एक टोप्या ठेवल्यासारखं, घुमट नाहीच. मी तिथं बराच वेळ बसले. तीन देवस्थानं, तीन वास: धूप, वजूचा ओला दगडी हौद, कापूर.

जॉर्जटाउनला जालान मस्जिद कपितान केलिंग. इंग्रजांचं सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिन या चिनी करुणादेवीचं देऊळ, १८३३ चं श्री महामारिअम्मन मंदिर, आणि १८०१ साली सुरू झालेली कपितान केलिंग मशीद. अंतरं लांब, रस्ता रुंद, गाड्यांची वर्दळ. पण कुआन यिनच्या अंगणात धुराचे लोट आणि मुठी मुठी भरून काड्या लावणारी माणसं. शेजारीच लिटल इंडिया, तिथं हार, साड्या, लाउडस्पीकरवर तमिळ गाणी. मलाक्काची रांग बघण्यासारखी आहे, जॉर्जटाउनची रांग वापरात आहे. गुण मात्र मी मलाक्काला दिले, कारण तिथं अडीचशे पावलांत मला ते शेजारपण दिसलं. वन्संनी जॉर्जटाउनला दिले. “देवळात गर्दी नको तर काय संग्रहालयात हवी?”

एक घर

प्रत्येक शहरात एकच जुनं घर आतून बघा. दोन बघितली की खुर्च्या एकमेकींत मिसळतात. चिनी बाप आणि मलय चालीरीती यांतून तयार झालेला बाबा-न्योन्या समाज दोन्हीकडे आहे, म्हणून त्यांचंच घर घ्या.

मलाक्कातलं बाबा न्योन्या संग्रहालय हे चान कुटुंबाचं राहतं घर होतं. १८९६ चं, हीरेन स्ट्रीटवर. वरच्या मजल्याच्या जमिनीत एक छोटं भोक आहे, झाकण लावलेलं. खाली दारात कोण आलंय ते बायका तिथून बघायच्या, मगच ठरायचं घरात कोण आहे आणि कोण नाही. वन्सं त्या भोकापाशी वाकून उभ्या राहिल्या आणि हलेनात.

जॉर्जटाउनचं पिनांग पेरानाकान मॅन्शन डोळे दिपवणारं आहे. हिरवं बाहेरून, आत सोनेरी कोरीव पडदे, स्कॉटलंडचं ओतीव लोखंड, इंग्लंडच्या फरश्या. पण ते घर होतं चुंग केंग क्वी या कथिलाच्या व्यापाऱ्याचं. तो चीनहून आलेला, हक्का जमातीचा, बाबा समाजाचा नव्हेच. आतल्या हजारो वस्तू नंतर एका संग्राहकानं जमवून मांडलेल्या. संग्रह अव्वल. तरी एका घरात आजीची नजर उरलीय आणि दुसऱ्यात कपाटांच्या काचा. मलाक्का, डोळे मिटून.

निळा रंग आवडत असेल तर जॉर्जटाउनचा चेओंग फात त्झे वाडा बाहेरून तरी बघा. भिंतींना दिलेली ती खरी नीळ, चुन्यात कालवलेली.

पाणी

दोन्ही बंदरं, म्हणून हा प्रश्न विचारलाच पाहिजे: समुद्र कुठं आहे?

मलाक्कात समुद्र गेला. हीरेन स्ट्रीटच्या घरांची मागची दारं एके काळी पाण्यावर उघडत, आता मागं भराव घालून केलेली वस्ती आहे. किल्ल्याची उरलेली वेस, पोर्ता द सांतियागो, लाटांजवळ होती, आज तिच्यासमोर मॉल. १८०७ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला सुरुंगांनी उडवला. ही एक वेस रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या शब्दामुळं वाचली म्हणतात. वर डचांचं चिन्ह आणि १६७० हा आकडा. पोर्तुगीज दरवाजावर डच पाटी, इंग्रजांच्या दयेनं उभी. पाणी हवं तर नदीकाठी संध्याकाळी चाला, बोटीची फेरी घ्या. रंगवलेल्या भिंती जरा जास्तच गोड आहेत, पण रात्री दिवे लागल्यावर चालून जातं.

जॉर्जटाउनला वेल्ड कीवर चिनी कुळांच्या जेटी आहेत, लाकडी खांबांवर पाण्यात उभी असलेली घरं. च्यू कुळाची सर्वांत मोठी आणि सर्वांत बाजारू. तिच्या पुढच्या एखाद्या लहान जेटीवर जा, फळ्यांवर हळू चाला, घरांत डोकावू नका. जमिनीवर नसल्यामुळं यांना जमिनीचा कर नव्हता, हे ऐकून माझ्यातली लेखापरीक्षक बाई फार खूश झाली. पाण्याची ओळ जॉर्जटाउनची.

कबरस्तान

नाक मुरडू नका. वसाहतीच्या शहरात खरी नोंदवही हीच.

मलाक्कात सेंट पॉल टेकडीवर १५२१ चं, छप्पर उडालेलं चर्च आहे. भिंतींना टेकून डचांच्या पुरुषभर उंच समाधिशिळा. मधोमध जाळी लावलेला एक रिकामा खड्डा. चीनच्या किनाऱ्यावर वारलेल्या फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये काही महिने इथं होतं, मग गोव्याला गेलं. गोव्यात रांगेत उभं राहून चांदीची पेटी पाहिलेल्या माणसानं हा खड्डा पाहावाच. बाहेर त्याचा संगमरवरी पुतळा, उजवा हात मनगटापासून तुटलेला. झाड पडलं म्हणे. योगायोग असा की खऱ्या शवाचाही उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला नेला होता. टेकडी उतरताना वाटेवरच्या डच कबरस्तानात डचांपेक्षा इंग्रजच जास्त पुरलेले आहेत.

जॉर्जटाउनचं जुनं प्रोटेस्टंट कबरस्तान पांढऱ्या चाफ्याच्या झाडांखाली. फुलं थडग्यांवर पडलेली. फ्रान्सिस लाइट इथंच आहे, १७९४ मध्ये हिवतापानं गेला. किल्ल्यापाशी त्याचा पुतळा आहे. पण बापाचं चित्र कुणाकडेच नव्हतं म्हणून चेहरा घेतला मुलाचा, विल्यमचा, ज्यानं ऑस्ट्रेलियात ॲडलेड आखलं. थडग्यांवरची वयं वाचत चाला. बरोबरी.

पोट, शाकाहाऱ्यांसाठी

धोका मांसाचा नाही, तो दिसतो. धोका बेलाचानचा, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या गोळ्याचा. मिरचीच्या चटणीत, पालेभाजीत, सगळीकडे. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. हे पाठ करा: “साया तक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, बेलाचान.” मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, बेलाचान खात नाही. अंडंही नको तर ‘तेलूर’ जोडा. चहा-कॉफी कमी गोड हवी तर ‘कुरांग मानिस’. वन्संना मधुमेह, त्यामुळं हे दोन शब्द त्यांनी दिवसातून सहा वेळा वापरले.

जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण दोन्ही वेळा मिळतं. शिवाय चिनी बौद्धांची शुद्ध शाकाहारी भोजनालयं दोन्ही शहरांत आहेत. तिथलं ‘चिकन’ सोयाचं असतं, दचकू नका. रोटी चनाईबरोबर डाळ मागा, बिनडाळीचा रस्सा बहुधा माशाचा किंवा कोंबडीचा. जॉर्जटाउनची प्रसिद्ध असम लक्सा माशाची, मलाक्काचे कोंबडीभाताचे लाडू नावातच सांगतात. दोन्ही सोडा.

पण मलाक्कात एक गोष्ट आहे: पुतू पिरिंग. तांदळाच्या पिठीच्या चपट्या वाफवलेल्या टिकल्या, आत वितळलेला ताडमाडाचा गूळ, वर ओलं खोबरं. संध्याकाळी रांग लावून, उभ्याउभ्या खायच्या. त्या गुळाला गुला मलाका म्हणतात, गावाच्याच नावानं. चेंडोल दोन्हीकडे मिळतं, नारळाचं दूध, बर्फ आणि हिरव्या शेवया. मलाक्कातलं गुळामुळं सरस. एकूण पोटाची ओळ जॉर्जटाउनची, शेवटचा घास मलाक्काचा.

रात्री कशा वाटाव्यात

पाच रात्री असतील तर मलाक्का दोन, जॉर्जटाउन तीन. मलाक्काच्या दोन्ही रात्री सोमवार ते गुरुवारात बसवा. शनिवार-रविवार जॉर्जटाउनला ठेवा, ते शहर गर्दी पसरून घेतं. आधी मलाक्का, मग जॉर्जटाउन. उलट केलंत तर मलाक्का उगाच लहान वाटतं. तीनच रात्री असतील तर सरळ जॉर्जटाउन. एकच असेल तर मलाक्का, पण मुक्कामी. दिवसाच्या सहलीत लाल चौक आणि ऊन एवढंच हाती लागतं.

महिना जानेवारी-फेब्रुवारी चांगला, पेनांगला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस झोडपतो. फक्त चिनी नववर्षाचे दिवस पंचांगासारखे तपासा, त्या दिवसांत दुकानं बंद आणि खोल्या महाग. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सवलतीची मुदत टप्प्याटप्प्यानं वाढते, म्हणून तिकीट काढण्याआधी पाहा. आगमनाचं डिजिटल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी पानं बनावट. हॉटेलात परदेशी पाहुण्यांना खोलीमागं रात्रीला दहा रिंगिट पर्यटन कर वेगळा पडतो, आमच्याकडून तो दारातच रोख घेतला.

गुडघ्याचं राहिलं. ती ओळ वन्संचीच, म्हणून त्यांच्याच अक्षरात जशीच्या तशी. मलाक्का: “टेकडी, पायऱ्या फार, एकदाच.” जॉर्जटाउन: “सपाट, पण वाट उंचसखल, कडेनं चालावे.” आणि खाली, विमानात वेगळ्या शाईनं लिहिलेलं, कुठल्याच रकान्यात न बसणारं: “पुतू पिरिंग दोनच खाल्ले. तिनं वही आवरेपर्यंत गाडी बंद झाली.”